बसच्या एसीचं काम आणि आपला जीव: गॅरेज-आगारात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की बसच्या एसीची कामं अंगावर येतात. ट्रॅव्हल्सच्या स्लीपर, एसटीच्या शिवनेरी-शिवशाही, कंपन्यांच्या स्टाफ बस, सगळ्यांना कूलिंग एकाच आठवड्यात हवं असतं आणि प्रत्येक गाडी रात्री नऊलाच सुटायची असते. मेकॅनिक, हेल्पर, गॅरेजमालक आणि आगारातले पर्यवेक्षक जे प्रश्न नेहमी विचारतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं मोठ्या बसला धरून आहेत. दाबाच्या आणि तेलाच्या आकड्यांबाबत गाडीच्या मॅन्युअलचा शब्द शेवटचा.

मी बरीच वर्षं कारचे एसी करतोय. बसमध्ये वेगळं काय आहे?

तत्त्व तेच, आवाका वेगळा. कारमध्ये गॅस साधारण अर्धा किलो, मोठ्या बसमध्ये चार-पाच किलो किंवा त्याहून जास्त. कंडेन्सर आणि कूलिंग कॉईल बहुतेक छतावर, कॉम्प्रेसर मागे इंजिनाला लागून, आणि दोन्हींना जोडणारे पाईप बॉडीतून फिरलेले. म्हणजे एकाच गाडीवर एक जण छतावर, एक इंजिनपाशी आणि एक पिटात, म्हणजे गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात, आणि तिघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. छतावरचा ओरडतो "चालू कर रे", ते केबिनमधल्याला ऐकू येतं, पिटातल्याला येत नाही. बसवरचे बरेच अपघात या एका गोष्टीतून होतात, गॅसचं नाव त्यात नंतर येतं.

एसीत भरतात तो आर-१३४ए गॅस विषारी नाही म्हणतात. मग भीती कसली?

विषारी नाही हे खरं, आणि त्याच भरवशावर लोक फसतात. या गॅसची वाफ हवेपेक्षा साडेतीन पट जड असते. सुटली की खाली बसते, आणि आपल्याकडे सगळ्यात खालची जागा म्हणजे पिट.

हिशेब करून बघा. दहा मीटर लांब, एक मीटर रुंद आणि सव्वा मीटर खोल पिटात साधारण साडेबारा घनमीटर हवा मावते. बसमधला पाच किलो गॅस सुटला तर त्याची सव्वा घनमीटरच्या आसपास वाफ होते. ती पिटात सारखी मिसळली, तरी हवेत दहा टक्के गॅस झाला. आठ तासांच्या कामासाठी मर्यादा धरतात ती दहा लाख भागांत १००० भाग. इथे तिच्या शंभर पट. ऑक्सिजन नेहमीच्या २०.९ टक्क्यांवरून १९ च्याही खाली येतो, आणि १९.५ च्या खाली हवा श्वासासाठी अपुरी समजतात. त्यात वाफ सारखी मिसळत नाहीच, तळाशी दाट राहते. वाकून नट सोडवणाऱ्याचं नाक नेमकं तिथेच असतं.

इतक्या प्रमाणात हा गॅस छातीत गेला तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चक्कर, बधिरपणा, मग कोसळणं. वास नावालाच असतो, म्हणून आधी काही कळत नाही.

मग पिटात उतरायच्या आधी काय करायचं?

गॅस असलेला जोड पिटात उभं राहून सोडायचाच नाही. आधी वरून, सर्व्हिस पोर्टवरून (गेज जोडायच्या तोंडावरून), रिकव्हरी मशीनने गॅस काढून घ्यायचा, गेज शून्यावर आलं की थोडं थांबून पुन्हा बघायचं. तेलात विरघळलेला गॅस हळूहळू बाहेर येतो आणि काटा परत वर सरकतो. दुसरं, पिटाच्या तळापर्यंत नळी सोडलेला एक्झॉस्ट ब्लोअर. वरून वारा घालणारा पंखा कामाचा नाही, तो तळाची हवा जागच्या जागी ढवळतो. पिटात दिवा न्यायचा तर २४ व्होल्टचा. बंदिस्त जागेत त्याहून जास्त व्होल्टेजचा हातदिवा वापरू नये हा कारखाने कायद्यातला जुना नियम आहे आणि तो मोडलेला मला जवळपास प्रत्येक गॅरेजमध्ये दिसतो.

वर एक माणूस हवाच. आतला कोसळला तर त्या माणसाने मागोमाग उडी मारायची नाही. आधी ब्लोअर, मग बाकीच्यांना हाक, दोरी असेल तर दोरी. एकामागून एक उतरून दोघं-तिघं जातात ते असेच.

गॅस थोडाच आहे. हवेत सोडून दिला तर चालेल का?

नाही. वर सांगितलेलं कारण पुरेसं आहेच. शिवाय एक किलो आर-१३४ए सोडला तर वातावरण तापवण्याच्या हिशेबात तो सुमारे १४०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. याच जातीच्या गॅसचा वापर टप्प्याटप्प्याने घटवण्याच्या किगाली करारावर भारताने २०२१ मध्ये शिक्कामोर्तब केलं आहे, तेव्हा पुढे तो स्वस्त होण्याची आशा धरू नका. काढून घेतलेला गॅस हा पैसा आहे.

गेजचा पाईप काढताना हाताला चटका बसतो. हातमोजे घालून काम जमत नाही, काय करू?

आर-१३४ए उघड्या हवेत उणे २६ अंशांना उकळतो. हाय साइडच्या, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूच्या, पोर्टला द्रव गॅस असतो. पाईप पोर्टला जोडणाऱ्या कपलरची फिरकी अर्धी सुटते, सील बसलेलं नसतं, फस्स आवाज येतो आणि अंगठा व तर्जनीच्या मधोमध पांढरा डाग पडतो. पहिली दहा सेकंदं दुखतही नाही, नुसतं लाकूड झाल्यासारखं वाटतं.

त्यावर उपाय असा: एसी आणि इंजिन बंद करून दाब उतरू द्या, गेजच्या पाईपांचे झडप बंद करा, मगच कपलर काढा. चामड्याचे जाड मोजे घालून फिरकी हाताला लागत नाही हे मान्य, पण रबराचे लेप दिलेले घट्ट बसणारे मोजे मिळतात, त्यांनी काम होतं. आणि मोज्यांपेक्षाही गॉगल महत्त्वाचा. कातडी भरून येते. डोळ्यात द्रव गॅस गेला तर बुबुळच गोठतं. नंबरचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, बाजूने उघडा असतो.

गळती शोधायला टायरच्या कॉम्प्रेसरची हवा मारली तर? किंवा वेल्डिंगचा ऑक्सिजन?

ऑक्सिजन कदापि नाही. सिस्टिममध्ये तेल असतं. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र आले की स्फोट व्हायला ठिणगीही लागत नाही. साधी हवाही नको. आर-१३४ए एरवी पेटत नाही, पण हवेत मिसळून दाबाखाली आला की पेटू शकतो. हवेबरोबर ओल आत जाते ते वेगळंच.

कोरडा नायट्रोजन वापरा, आणि रेग्युलेटर लावूनच. भरलेल्या नायट्रोजन सिलिंडरमध्ये १५० बारच्या आसपास दाब असतो. तो थेट कॉईलला जोडणं म्हणजे कॉईल फोडायलाच घेणं. सिलिंडर नीट ओळखा: भारतीय मानकाप्रमाणे नायट्रोजनची टाकी करड्या रंगाची आणि मान काळी, वेल्डिंगच्या ऑक्सिजनची टाकी सगळी काळी. अंधाऱ्या शेडमध्ये दोन्ही सारख्याच मळलेल्या असतात, म्हणून दोन्ही एका कोपऱ्यात ठेवू नका. किती दाब मारायचा ते युनिटच्या पाटीवर लिहिलेलं असतं. लो साइडची मर्यादा हाय साइडपेक्षा कमी असते, हे विसरून लोक कूलिंग कॉईल फोडतात.

पाईप जागेवरच ब्रेझिंग केला, म्हणजे ज्योतीने धातू वितळवून जोडला, तर चालतो का?

आत गॅस नसेल, दोन्ही टोकं उघडी असतील आणि आतून नायट्रोजनची बारीक धार चालू असेल तर. गॅस शिल्लक असलेल्या पाईपवर ज्योत धरली की त्याचं विघटन होऊन हायड्रोजन फ्लोराइडसारखे झोंबणारे वायू तयार होतात. नाकाला अचानक आंबट झणझणीत लागलं तर ज्योत विझवा आणि बाहेर या, "एवढं टाकून येतो" करू नका. आर-२२ हा जुना गॅस असलेल्या गाडीत याच आगीतून फॉस्जीन हा विषारी वायूही निघू शकतो. शेडमध्ये गॅस दरवळत असताना ओढलेली विडी-सिगारेट हीसुद्धा ज्योतच.

सीएनजी बस असेल तर गाडीवर ज्योत आणायचीच नाही. टाक्या छतावर किंवा तळाशी, २०० बार दाबाच्या. पाईप उतरवा, बाहेर नेऊन जोडा, परत बसवा. वेळ जातो, जाऊ द्या.

बाजारात निम्म्या किमतीत आर-१३४ए मिळतोय. घ्यावा का?

त्यात काय आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कधी प्रोपेन-ब्युटेन, म्हणजे जवळजवळ घरच्या सिलिंडरचाच माल, कधी त्याहून वाईट. २०११ मध्ये व्हिएतनाममध्ये सर्व्हिसिंग झालेल्या जहाजी रेफ्रिजरेटेड कंटेनरांचे स्फोट होऊन कामगार मेले. आर-१३४ए म्हणून भरलेल्या गॅसमध्ये मिथाइल क्लोराइडची भेसळ होती. ते ॲल्युमिनियमशी अभिक्रिया करून असा पदार्थ बनवतं जो हवा लागताच आपोआप पेटतो. बसचे कंडेन्सर कशाचे असतात हे सांगायला नको.

प्राथमिक तपासणी म्हणून टाकी रात्रभर सावलीत ठेवून सकाळी गेज लावा. टाकी ३० अंशांवर असेल तर शुद्ध आर-१३४ए साधारण ९७ पीएसआय दाखवतो, ३५ अंशांवर ११४ च्या आसपास. आकडा फार हलला तर माल परत. आकडा जुळला तरी निश्चिंत होऊ नका, भेसळ करणारे दाब जुळवूनच मिसळतात. खात्री गॅस ओळखण्याच्या यंत्रानेच होते. बिल देणाऱ्या, ओळखीच्या विक्रेत्याकडून घेणं हाच बहुतेकांना परवडणारा उपाय.

सिलिंडर गरम पाण्यात ठेवला की गॅस लवकर चढतो. धोका आहे का?

कोमट पाणी चालेल, हाताला सोसेल इतकं. ब्लो-लॅम्प, हॉट गन, उकळतं पाणी नाही. रिकव्हरीची टाकी ८० टक्क्यांच्या वर भरायची नाही, आणि हे वजन करून ठरवायचं, हलवून अंदाजाने नाही. द्रव आर-१३४ए २५ अंशांवरून ६० पर्यंत तापला तर जवळपास १५ टक्के फुगतो. ९० टक्के भरलेली टाकी मे महिन्यात बंद गाडीच्या डिकीत राहिली तर आत वाफेला जागाच उरत नाही. टाकी उभी ठेवा, साखळीने बांधा. एकदाच वापरायच्या डब्यात काढलेला गॅस परत भरू नका.

चालू इंजिनवर बेल्ट आणि क्लच बघावाच लागतो. काळजी कशी घ्यायची?

बघायला हरकत नाही, हात घालायला आहे. मागचं झाकण उघडलं की पंखा, अल्टरनेटर, कॉम्प्रेसरचे बेल्ट सगळं एका वितीवर फिरत असतं. गळ्यातली साखळी, हातातलं कडं, लोंबणारं ओळखपत्र, खांद्यावरचा पंचा आधी काढून ठेवा. बेल्टचा ताण चालू गाडीत बोटाने दाबून बघणारे उस्ताद आहेत. त्यांच्या हाताची बोटं मोजा, मग त्यांचं ऐकायचं का ते ठरवा.

बंद गाडीत जास्त सावध राहा. किल्ली मेकॅनिकच्या स्वतःच्या खिशात हवी, डॅशबोर्डवर नको. बऱ्याच बसना मागे इंजिनपाशीही स्टार्टचं बटण असतं, म्हणून किल्ली काढून भागत नाही, बॅटरीचा कट-ऑफ बंद करा, त्याला कुलूप लावा आणि स्टिअरिंगवर पाटी बांधा: "माणूस कामावर आहे. गाडी सुरू करू नये." पाटीवर काम करणाऱ्याचं नाव लिहा. ती काढायचा अधिकार त्याच नावाच्या माणसाला, मालक आला तरी. ड्रायव्हर, क्लीनर आणि धुलाईवाला हे तिघं काहीही न विचारता गाडी चालू करतात, ही डोळ्यासमोरची गोष्ट आहे.

कंडेन्सरचे पंखे दाबावर किंवा तापमानावर आपोआप सुरू होतात. उभा पंखा बंद आहे असं धरू नका.

छतावर चढायला मागची शिडी असते ना?

असते, पण ती चढण्यापुरती. तिच्यावर उभं राहून काम करायचं नाही. बसची उंची युनिट धरून साडेतीन मीटरच्या आसपास, खाली काँक्रीट. एसी युनिटचं फायबरचं झाकण आणि छतावरचा आपत्कालीन दरवाजा माणसाचं वजन घेण्यासाठी नसतात, पाय तिथे देऊ नका. पावसाळ्यात आणि धुलाईनंतर पत्रा तेलकट निसरडा होतो.

कठडा असलेला चाकांचा प्लॅटफॉर्म बसला दोन्ही बाजूंनी लावणं हा खरा इलाज. शेडच्या तुळईला जीवनदोरी आणि अंगाला हार्नेस हा दुसरा. पण हार्नेसचा हुक युनिटच्या पाईपला अडकवलेला मी पाहिला आहे, त्याचा उपयोग शून्य. मोटर, ब्लोअर ही सामग्री दोरीने वर घ्या, काखेत धरून शिडी चढू नका.

इलेक्ट्रिक बसच्या एसीला हात लावावा का?

प्रशिक्षण नसेल तर नाही. एसटीची पहिली शिवाई १ जून २०२२ ला पुणे-नगर मार्गावर धावली. पुण्यात पीएमपी आणि मुंबईत बेस्टकडेही ई-बस आहेत. यात कॉम्प्रेसर बेल्टवर नसून थेट मुख्य बॅटरीवर चालतो, कित्येकशे व्होल्ट डीसीवर. नारिंगी रंगाची केबल दिसली की ती उच्च दाबाची. इतक्या डीसीचा झटका जीव घेऊ शकतो आणि त्याची ठिणगी सहज विझत नाही.

क्रम असा: गाडी बंद, २४ व्होल्टचा पुरवठा तोडा, मुख्य बॅटरीचा सर्व्हिस डिस्कनेक्ट (पुरवठा तोडणारा प्लग) काढून स्वतःजवळ ठेवा, उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबा, कारण इन्व्हर्टरमधले वीज साठवणारे कपॅसिटर लगेच रिकामे होत नाहीत. मग १००० व्होल्टचे इन्सुलेटेड मोजे घालून व्होल्टेज शून्य झाल्याची खात्री मीटरने करा. मीटर आधी चालू पुरवठ्यावर तपासा, मग टर्मिनलवर, मग पुन्हा चालू पुरवठ्यावर. मेलेला मीटरही शून्यच दाखवतो. मोजे रोज फुगवून बघा, सुईएवढं भोक असलं तरी बाद.

तेलाचीही भानगड आहे. या कॉम्प्रेसरमध्ये वीज न वाहणारं पीओई तेल असतं. डिझेल गाडीवर वापरलेल्या मशीनमधून थोडं पीएजी तेल गेलं तरी इन्सुलेशन कमी होतं आणि वीज कॉम्प्रेसरच्या बॉडीत उतरू शकते. ई-बससाठी मशीन आणि पाईप वेगळे ठेवा. बऱ्याच ई-बसमध्ये आर-४०७सी गॅस असतो, त्याचा दाब त्याच तापमानाला आर-१३४ए च्या दीडपटीहून जास्त. जुने गेज-पाईप त्याला चालतील का, आधी बघा.

२४ व्होल्टचा झटका बसत नाही, मग बॅटरी का काढायची?

झटका बसत नाही, पण पान्हा आणि बॉडी यांच्यामध्ये अंगठी आली तर ती लाल होते. बोटातून निघत नाही. निगेटिव्ह आधी काढा, शेवटी जोडा.

कूलिंग तपासायला गाडी शेडमध्येच अर्धा तास चालू ठेवतो. काही होतं का?

कार्बन मोनॉक्साइड साचतो. गाडी उघड्यावर घ्या किंवा सायलेन्सरला नळी लावून धूर बाहेर सोडा. दुपारी याच चालू गाडीत एसी लावून डुलकी काढणारे क्लीनर असतात, त्यांनाही उठवा.

कॉईल धुताना मास्क लागतो का?

लागतो. वर्षभराची धूळ आणि बुरशी ब्लोअरने उडते, एन-९५ घाला. कॉईलचं केमिकल आम्लाचं किंवा अल्कलीचं असतं; छतावर वाऱ्याकडे तोंड करून फवारलं तर सगळं तोंडावर येतं.

नागपूर-अकोल्याकडे मे महिन्यात छतावर काम कसं करायचं?

सकाळी दहाच्या आत किंवा सूर्य कलल्यावर. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. पाणी, मीठ-साखर, आणि छतावर एकटा माणूस नाही. बडबड असंबद्ध झाली, घाम थांबला तर तो उष्माघात. सावलीत आणून अंग पाण्याने भिजवा, वारा घाला, १०८ ला फोन करा.

एसी लोकलचं काम मिळालं तर?

मुंबईत पहिली एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला सुरू झाली. तिचीही युनिटं छतावर, पण वरून २५,००० व्होल्टची तार जाते. शिवायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी वीज उडी मारते. वरचा पुरवठा बंद करून, तार अर्थ करून, लेखी परवाना हातात आल्याशिवाय पाय वर टाकायचा नाही. बसच्या अनुभवावर तिथे जाऊ नका.

अपघात झालाच तर पहिली पाच मिनिटं काय करायची?

गोठलेल्या कातडीला चोळू नका, शेकू नका. कोमट पाणी सोडत राहा. चिकटलेला कपडा ओढू नका. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याची हलकी धार, मग थेट नेत्रतज्ज्ञ. गॅसने चक्कर आली तर मोकळ्या हवेत आडवं करा, श्वास नसेल तर सीपीआर. डॉक्टरांना "एसीचा गॅस छातीत गेलाय" हे स्पष्ट सांगा, टाकीवरच्या नावासकट. अशा वेळी ॲड्रेनॅलिनसारखी औषधं हृदयाला झेपत नाहीत, म्हणून त्यांना हे कळणं गरजेचं असतं.

हेल्परला लागलं तर खर्च कुणाचा?

दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू होते, पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असलेल्यांना. कामावरच्या दुखापतीने घरी बसावं लागलं तर मजुरीच्या ९० टक्के भत्ता मिळतो. त्यापेक्षा लहान गॅरेजमध्ये भरपाईची जबाबदारी थेट मालकावर येते. "तो रोजंदारीवर होता" हे उत्तर तिथे चालत नाही.

बजेट कमी आहे. आधी काय घ्यावं?

गॉगल आणि मोजे आजच, ते काही शेकड्यांत येतात. मग पिटाचा ब्लोअर, नायट्रोजनचा रेग्युलेटर, कठड्याचा प्लॅटफॉर्म. प्लॅटफॉर्म जवळच्या फॅब्रिकेटरकडून करून घेता येतो. रिकव्हरी मशीन महाग आहे. एका ओळीत चार गॅरेज असतील तर मिळून एक घ्या, ते रोज कुणालाच लागत नाही. टाक्या मात्र ज्याच्या त्याने वेगळ्या ठेवाव्यात, कारण दुसऱ्याच्या गाडीतला भेसळीचा गॅस एकदा आत आला की टाकीतला सगळा माल बाद.